कूलरची भिंत

सुरभीनं मेन स्विच खाली पाडला, फ्यूज उपसून काढला, पदराच्या टोकात त्याची गाठ मारली आणि पदर कमरेला खोचला. घरातले पंखे एकेक गिरकी घेत थांबले. मे महिना, दारव्ह्याचं ऊन, नणंद अर्पिताचं साक्षगंध, दिग्रसहून निघालेले पाहुणे, आणि घरात वीज नाही.

"लाइन गेली काय वं?" स्वयंपाकघरातून सासूबाईंनी, विमलताईंनी विचारलं.

"गेली नाही, आई. मी काढली."

"काहून?"

"अंशूले भिंतीनं झटका देल्ला म्हणून."

विमलताई पुरणाचा हात तसाच घेऊन बाहेर आल्या. नातू अंशू त्याच्या बापाच्या, आयुषच्या कडेवर होता. रडून रडून त्याचा चेहरा लालबुंद झाला होता, आणि तो उजवा हात छातीशी धरून बसला होता. काल-परवापासूनच पोरगं भिंत धरून उभं राहायला शिकलं होतं. पलंग धरायचा, मग दार, मग भिंत. सकाळी ते पश्चिमेच्या खोलीत सरकत गेलं, कूलरच्या खिडकीखाली भिंतीला हात लावून उभं राहिलं आणि किंचाळून मागे पडलं. विमलताईंनी मोहरी-मिरचीनं दृष्ट काढली. मिरच्यांचा ठसका आला नाही, म्हणजे दृष्ट जबरी होती, असं दोन मावश्यांनी सांगितलं. सुरभीनं मात्र सासऱ्याच्या पिशवीतला टेस्टर काढून ओल्या पोपड्यावर टेकवला. टेस्टरचा दिवा लागला. तारेला नाही, बटणाला नाही, चक्क भिंतीला टेस्टर लावला आणि दिवा लागला.

या भिंतीला करंट येतो हे घरात कोणाला ठाऊक नव्हतं? सगळ्यांना होतं. म्हणून तर खिडकीखाली एक निळी रबरी चप्पल कायमची ठेवलेली असे. तिला घरात 'कूलरची चप्पल' म्हणत. कूलरमध्ये पाणी भरायचं तर ती पायात घालायची, मग बादली उचलायची. चप्पल जागेवर नसली तर घरभर आरडाओरडा होई. पण भिंत उकरून बघावी असं कोणाला वाटलं नाही. माणसाला दुखणं दूर करण्यापेक्षा दुखण्याची सोय करून घेणं सोपं जातं. सुरभी नवीन होती तेव्हा तिलाही आधी चप्पलच दाखवली होती, देवघर मागून.

आता त्याच खोलीत साक्षगंधाची तयारी होती. घरातली सगळ्यात थंड खोली ती. भिंतीला मोरपंखी रंग दिलेला, त्यावर झेंडूच्या माळा सोडलेल्या, आणि नवरा-नवरीसाठी मंडपवाल्यानं आणलेल्या दोन नक्षीदार लोखंडी खुर्च्या बरोबर त्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या. पहाटेपासून कूलर चालू होता. वाळ्याच्या पडद्यांतून पाणी झिरपून भिंतीवरून खाली उतरत होतं आणि मोरपंखी रंगाखाली खुर्चीच्या पाठीएवढा काळा डाग पसरला होता.

"अवं, पाहुणे फाट्यावर आले असतील," विमलताई हळूच म्हणाल्या. "आजचा दिवस जाऊ दे. उद्या पाहू."

"हेच मी होळीपासून आइकून राह्यले, आई. 'उद्या पाहू.' आज अंशूचा हात होता. उद्या काय पाहाचं?"

तेवढ्यात सासरे, पुंडलिकराव, बाहेरून आले. पांढरं धोतर, इस्त्रीचा सदरा, कपाळावर गंध. मंडपवाल्याशी वाद घालून आलेले, त्यामुळे आवाज आधीच चढलेला होता. बंद पंख्याकडे बघितलं, मग सुनेच्या कमरेकडे.

"फ्यूज दे."

"नाही देत, मामाजी."

या घरात पुंडलिकरावांना 'नाही' म्हणायची पद्धत होती, पण ती वेगळी होती. 'हो' म्हणायचं आणि करायचं नाही. आयुष तसं करी, अर्पिता तसं करी, विमलताईंचा तर सगळा संसार त्याच्यावर चालला होता. तोंडावर 'नाही' म्हणणारा शेवटचा माणूस त्यांचा धाकटा भाऊ होता. त्याच्या 'नाही'तून वाटणी झाली, वाड्याच्या जागेचे दोन तुकडे झाले आणि ही भिंत उभी राहिली. भाऊ आता नव्हता. त्याची बायको बेबीताई शेजारीच राहत होती. आज कार्य म्हणून ती बोलावल्यावरून आली होती आणि परकी असल्यासारखी दाराशी बसली होती.

"मी जिंदगी खांबावर काढली," पुंडलिकराव म्हणाले. ते लाइनमन होते, आणि निवृत्त होऊनही त्यांच्यातला लाइनमन निवृत्त झाला नव्हता. "वादळात, पाण्यात चढलो. अर्ध्या दारव्ह्याच्या घरात माह्या हातानं उजेड पडला. अन् तू मले वीज शिकवतं?"

"शिकवत नाही. मी फक्त फ्यूज देत नाही."

"त्या भिंतीतली तार मी स्वता टाकली हाय. झिरी पाडून, खिळे मारून, वरून शिमेट भरून. पाइप दिसला असता म्हणून पाइप नाही लावला. चोख काम हाय ते."

"तुमची वीज खांबावर होती, मामाजी, वाऱ्यात. ही भिंतीत हाय, ओलीत. घरातली साधी तार हाय ती. बाहेरची भिंत, वरून कूलरचं पाणी, आतून पाइप नाही, अर्थिंग नाही. राजूरच्या खाणीत माह्या बाबानं अशी तार पाह्यली असती त माणसं खाली उतरू देल्ली नसती."

"हे घर हाय, कोळशाची खाण नाही."

"खाणीत लेकरं भिंती धरून चालत नाही. घरात चालते."

सकाळपासून तिच्या डोळ्यांसमोर ते मागे पडलेलं पोर होतं, आणि ते हललं नसतं तर, एवढंच वाक्य डोक्यात फिरत होतं.

पुंडलिकरावांनी दाराकडे बोट केलं. "तार चांगली हाय. ओल हिच्या न्हाणीची हाय. भिंतीच्या पल्याड धो धो पाणी सोडते. किती खेपा सांगतलं."

बेबीताईनं मान वर केली नाही. या आरोपावरून दोन्ही घरांत बोलणं बंद झालं होतं. हळदीकुंकू बंद, लोणच्याच्या बरणीची देवाणघेवाण बंद. सुरभीनं आजवर या भांडणात तोंड घातलं नव्हतं. नव्या सुनेनं जुन्या भांडणात पडू नये, असं तिच्या आईनं सांगितलं होतं. आज तिनं आईचंही ऐकलं नाही.

"मामाजी, बेबीकाकू थंडीत आंघोळ करत नाही काय?"

"म्हंजे?"

"थंडीत भिंतीले करंट येत नाही. चप्पलबी वर माळ्यावर जाते. कूलर लावला का करंट येते, कूलर उतरवला का जाते. न्हाणी त बारा महिने वाह्यते."

"मी त रोज करते बाप्पा," दाराशी बसल्या बसल्या बेबीताई म्हणाली. "सणाले दोनदा करते."

एका मावशीला हसू आलं आणि तिनं ते पदरात दाबलं. पुंडलिकरावांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. वाद हरला तर माणूस विचार करतो, पण हसू झालं तर अडून बसतो. ते आयुषकडे वळले.

"काढून घे तिच्याजवळून."

आयुष दोन पावलं पुढे आला. आयुष वाईट नव्हता, फक्त मध्ये उभं राहायची त्याला सवय होती. "सुरभी, दे ना. लोकं येऊन राह्यले. मी उद्या सकाळी वायरमन आणतो, आईशपथ."

"घे," ती म्हणाली आणि कमरेचा पदर त्याच्यापुढे धरला. "पण आधी तुह्या हातानं अंशूचा हात त्या भिंतीवर ठेव. मंग घे."

आयुषनं कडेवरच्या मुलाकडे पाहिलं. पोरगं त्याच्या सदऱ्याची गुंडी चोखत होतं. तो मागे सरला आणि सुरभीच्या शेजारी येऊन उभा राहिला. लग्नानंतर पहिल्यांदाच तो कोणत्या तरी एका बाजूला उभा होता.

"बरं," पुंडलिकराव म्हणाले. "पोराचा नको. माहा हात ठेवतो. दे इकडं."

सुरभीनं गाठ सोडली आणि फ्यूज त्यांच्या तळहातावर ठेवला. "चप्पल काढून," ती म्हणाली.

त्यांनी फ्यूज बसवला, मेन वर केला. पंखे फिरू लागले, कूलरचा पंप घुरघुरला. पश्चिमेच्या खोलीच्या दारात सगळी गर्दी झाली. अर्पिता नव्या साडीत, केसांत अर्धाच गजरा माळलेला, तशीच धावत आली. पुंडलिकरावांनी वहाणा उंबऱ्याबाहेर काढल्या. ओल्या फरशीवर त्यांची पावलं उमटत गेली. झेंडूची माळ बाजूला सारून त्यांनी हात उचलला.

हात अर्ध्यात थांबला.

त्यांनी तो पुढे न्यायचा प्रयत्न केला, हे सगळ्यांना दिसलं. खांदा पुढे गेला, कोपर पुढे गेलं, पण बोटं जाईनात. पायाखाली ओल आहे हे त्या हाताला कळत होतं. खांबावरून पडलेले सोबती त्या हातानं उचलले होते. तोंड काहीही म्हणो, हाताला खोटं बोलता येत नव्हतं. सुरभीला वाटलं होतं की हे बघून आपल्याला बरं वाटेल. तसं काही वाटलं नाही. म्हाताऱ्या माणसाचा तो अधांतरी हात बघवत नव्हता.

"नका लावू," विमलताई म्हणाल्या.

त्यांनीच जाऊन मेन खाली पाडला. पुरणाचा हात मेनच्या दांड्याला लागला. फ्यूज काढून त्यांनी तो सुरभीच्या हातात दिला आणि नवऱ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"कूलर कोन भरते या घरात? मी भरते. सकाळ-दुपार-संध्याकाळ. चप्पल असली तरी बादलीचं पाणी पायावर सांडते. माहा हा हात रात्रभर मुंग्यानं भरून राह्यते. तुम्ही म्हंता वातानं दुखते. डॉक्टरलेबी तेच सांगतलं."

"मंग कायले नाही बोलली?" पुंडलिकरावांचा आवाज बसला होता.

"बोलली असती त तुम्ही भिंत पाह्यली असती काय? बेबीसोबत अजून भांडले असते."

बाहेर रस्त्यावर गाडीचा हॉर्न ऐकू आला, पण तो दुधवाल्याचा निघाला. त्या आवाजानं सगळ्यांना वेळेचं भान आलं. पाहुणे, स्वयंपाक, बंद पंखे, पंचेचाळीसच्या वरचं ऊन.

बेबीताई उठली. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. "बाई," ती जावेला म्हणाली, "माह्या आंगणात निंबाची सावली हाय. सकाळीच सडा टाकला. पाट घेऊन चला."

विमलताईंनी नवऱ्याकडे विचारायला म्हणूनसुद्धा पाहिलं नाही. "मावशे, आरतीचं ताट घे," त्या म्हणाल्या. "अर्पिता, साडी वर धर, मधात नाली हाय." मावश्या निघाल्या, पुरणाची पातेली निघाली, आयुषनं एका हातात मुलगा आणि दुसऱ्या हातात लोखंडी खुर्ची घेतली. मंडपवाला झेंडूच्या माळा उतरवू लागला. बघता बघता वाटणीपासून बंद असलेलं मधलं फाटक उघडलं आणि पुंडलिकरावांचं कार्य बेबीताईच्या अंगणात गेलं.

पुंडलिकराव खोलीतच राहिले. जाताना सुरभी दारात थबकली. "मामाजी, चला ना."

"जा तू," ते म्हणाले. भिंतीकडे तोंड होतं.

पाहुणे आले. निंबाखाली सतरंज्या पडल्या, माठातलं पाणी फिरलं, बेबीताईच्या घरातला टेबलफॅन लांब वायरीनं अंगणात आणला. ती वायर कोरड्या ओट्यावरून गेली आहे ना, हे सुरभीनं दोनदा पाहिलं. दिग्रसची मंडळी खटल्याची होती, एकत्र कुटुंब, कापसाचा मोठा व्यापार. मुलाची आई उर्वशीबाई, बोलायला गोड आणि नजर बारीक. "कार्यक्रम भावाच्या घरी ठेवला काय?" तिनं विचारलं. "जावेच्या," विमलताई म्हणाल्या, आणि एवढ्या ठसक्यात म्हणाल्या की बेबीताई पान लावता लावता थांबली.

मग पलीकडून घण सुरू झाला. धप्. धप्. मध्येच काहीतरी ढासळल्याचा आवाज.

"हे काय होय?" उर्वशीबाईनं विचारलं.

मावश्यांनी एकमेकींकडे पाहिलं. कोणी म्हणालं शेजाऱ्याचं बांधकाम आहे. सुरभीच्या मनात आलं, एवढंच खोटं चालेल, कार्य पार पडेल. पण सकाळपासून ती जे म्हणत होती ते पाहुण्यांसमोर झाकायचं, तर मग भांडली कशाला?

"सासरे भिंत फोडून राह्यले," ती म्हणाली. "कूलरच्या भिंतीत करंट उतरला होता. लेकराले लागला."

उर्वशीबाईच्या भुवया वर गेल्या, पण भटजींनी हाक मारली आणि ती तिकडे वळली. कुंकू झालं, साडी झाली, ओटी भरली. घण चालूच होता. मग तो थांबला, आणि थोड्या वेळानं फाटकातून पुंडलिकराव आले. इस्त्रीचा सदरा सिमेंटनं पांढरा, भुवयांत धूळ, एका बोटातून रक्त. हातात तारेचा तुकडा होता. ते सरळ सुरभीजवळ गेले आणि तो तिच्यापुढे धरला. तारेच्या मधोमध जोड होता. त्याची काळी पट्टी सुटून चिखलासारखी झाली होती आणि आतलं तांबं हिरवं पडलं होतं.

"तार कमी पडली होती तवा जोड देल्ला होता," ते म्हणाले. "वरून शिमेट मारलं अन् विसरलो. आता वरून घेऊ. आतल्या कोरड्या भिंतीनं, पाइपातून. पाइप दिसला त दिसला. अर्थिंगचा खड्डाबी करतो."

सुरभीनं मान डोलावली.

"न्हाणीचंबी पाणी हाय थोडं," ते दुसरीकडे बघत म्हणाले.

"हो भाऊजी," बेबीताई म्हणाली. "थोडं हाय." आणि तिनं त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. ते तिथेच सतरंजीच्या काठावर बसले.

उर्वशीबाई हे सगळं बघत होती. ती मोकळेपणानं हसली. बिचारीच्या मनात काही वाईट नव्हतं, तिला वातावरण हलकं करायचं होतं. "इतक्यासाठी चांगली भिंत फोडली, भाऊ? अहो, कूलर म्हटला का करंट येतेच. आमच्या घरीबी येते. पहिल्या उन्हाळ्यात जरा दचकते माणूस, मंग सवय होते. अर्पितालेबी होईन."

भटजींनी अंगठीची डबी उघडली होती. मुलगा, प्रणित, अंगठी चिमटीत धरून पुढे वाकला होता. सुरभीनं बोलायला तोंड उघडलं. पण अर्पितानं आपला हात मागे घेतला आणि मांडीवर ठेवला.

"मले नाही होणार सवय," अर्पिता म्हणाली.

उर्वशीबाईला आधी कळलंच नाही. "काय म्हटलं, बेटा?"

"माह्या मायचा हात रात्रभर दुखते. माह्या भाच्याले आज झटका बसला. मले त्याची सवय करून घ्याची नाही. तुमची भिंत आधी नीट करा, अंगठी मंग घालते."

एका मावशीनं कपाळावर हात मारला. भरल्या साक्षगंधात नवरी असं बोलते, हे दारव्ह्यात आता दिवाळीपर्यंत पुरणार होतं. सगळ्यांच्या नजरा पुंडलिकरावांकडे गेल्या. आता ते ओरडतील, पोरीला गप्प करतील, पाहुण्यांची माफी मागतील. मुलाचे वडीलही त्यांच्याचकडे बघत होते. "पुंडलिकराव," ते म्हणाले, "पोरगी काय बोलून राह्यली हे?"

पुंडलिकरावांनी तांब्या खाली ठेवला. "माह्याकडं कायले पाह्यता? ती तुमच्यासोबत बोलून राह्यली. तिले उत्तर द्या."

उर्वशीबाईचा चेहरा उतरला. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्यानं भटजींकडे, भटजींनी डबीकडे. हे लग्न मोडलं तर ते आपल्यामुळे मोडलं असं उद्या म्हणतील, हे सुरभीला कळत होतं. म्हणू देत. ती उठून अर्पिताच्या मागे जाऊन उभी राहिली. पाठोपाठ विमलताई उठल्या, आणि त्यांच्या पाठोपाठ, गुडघ्यावर हात टेकून, बेबीताई.

प्रणितनं अंगठी डबीत परत ठेवली. खिशातून मोबाइल काढला आणि सगळ्यांसमोर घरी लावला. घरी त्याची म्हातारी आजी एकटीच होती.

"आजी," तो म्हणाला, "कूलर चालू हाय काय? त्याले हात नको लावू. पह्यले मेन पाड. हो, दाराजवळचा, मोठा. पाडला? आता तो वर नको करू, मी आल्याबिगर." पलीकडून आजी बरंच काही बोलत असावी. तो ऐकत राहिला. "उकडते त उकडू दे, आजी. झाडाखाली बाज टाक."

मोबाइल खिशात ठेवून त्यानं अर्पिताकडे पाहिलं. "भिंत उद्या फोडतो," तो म्हणाला. "पाह्याले तूच ये."

"मी एकटी नाही येणार," अर्पिता म्हणाली. "वहिनीले आणीन."

आणि तिनं बोट पुढे केलं.